बीकरच्या रेघा, ब्युरेटचा बुडबुडा आणि पुरात भिजलेलं कपाट : तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मी सहज लिहून गेले होते की शाळेच्या केमिस्ट्री लॅबमधल्या सामानाबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि खरं सांगते, एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मुलांची आली, पालकांची आली, शिक्षकांची तर सगळ्यात जास्त. सातारा-सांगलीकडचीच बहुतेक. सगळी घेता येणार नाहीत, पण जी घेतलीत त्यांना जमेल तेवढं नीट उत्तर देते. कुणाला मोठं उत्तर मिळेल कुणाला छोटं, त्याचा राग मानू नका, प्रश्नच तसे आहेत.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. आमच्या लॅबमध्ये बीकरवर रेघा आहेत, कोनिकल फ्लास्कवर आहेत, मेजरिंग सिलिंडरवर पण आहेत. मी बीकरने ५० मिली पाणी घेतलं तर सरांनी ते सिलिंडरमध्ये ओतायला लावलं आणि ते ४८ भरलं. मग बीकर खोटा आहे का? आणि एवढी वेगवेगळी भांडी लागतातच कशाला?
— एक विद्यार्थिनी, कोरेगाव

बाळा, बीकर खोटा नाही, त्याचं काम वेगळं आहे. त्याच्यावरच्या रेघा फक्त अंदाजासाठी असतात. बऱ्याच बीकरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणजे ५० मिलीला अडीच मिली. तुझा फरक त्यातच बसला. तू आईला विचार, भाताला पाणी घालताना ती बोटाच्या पेरानं बघते आणि औषधाचा डोस देताना मात्र बाटलीबरोबर आलेलं झाकण घेते, दोन्ही मोजणंच आहे पण नेमकेपणा वेगळा.

आता भांड्याचा आकार बघ, आकारच तुला सांगतो ते कशासाठी आहे. बीकरला पुस्तकात चंचुपात्र म्हणतात, चंचू म्हणजे चोच, तोंडाशी जी छोटी चोच आहे तिच्यामुळं ओतताना धार बाहेर ओघळत नाही. तोंड मोठं, म्हणून ढवळता येतं, पावडर टाकता येते, तापवता येतं. कोनिकल फ्लास्कचं, म्हणजे शंकुपात्राचं, बूड रुंद आणि मान अरुंद, का तर हातात धरून गोल गोल फिरवलं तरी आतलं उडून बाहेर येऊ नये. हा आकार एमिल एर्लेनमायर नावाच्या जर्मन केमिस्टनं बनवला आणि १८६० मध्ये त्याचं वर्णन छापलं, तेव्हापासून आजपर्यंत तो तसाच आहे. दीडशे वर्षांत कुणाला त्यात सुधारणा करावीशी वाटली नाही, मला तर हे फार भारी वाटतं. मेजरिंग सिलिंडर उंच आणि बारीक, कारण नळी जेवढी बारीक तेवढं एक मिली पाणी जास्त उंच चढतं आणि आपल्याला नीट दिसतं. गोलबूड चंबूला कोपरेच नाहीत, म्हणून उष्णता सगळीकडून सारखी लागते, पण तो टेबलावर उभा राहत नाही, त्याला स्टँडला धरावं लागतं.

आणि एक. सिलिंडरमध्ये बघताना पाणी कडेला जरा वर चढलेलं आणि मध्ये खोलगट दिसतं ना, तर त्या खोलगट भागाचा तळ कुठल्या रेघेवर आहे ते वाचायचं, आणि डोळा त्याच पातळीत आणायचा. सिलिंडर उचलून डोळ्यासमोर धरू नकोस, हातात तो तिरका होतो. टेबलावर ठेव आणि तू खाली वाक.

प्रश्न : बारावीला आहे. टायट्रेशनला माझं रीडिंग १०.७ आणि पार्टनरचं १०.२ येतं, सोल्यूशन एकच, बाटली एकच. प्रॅक्टिकल एक्झाम जवळ आलीय आणि टेन्शन आलंय. चूक कुठं होतीय?
— एक विद्यार्थी, कराड

बाकीच्यांसाठी सांगते, टायट्रेशन म्हणजे एका सोल्यूशनमध्ये दुसरं थेंबाथेंबानं सोडून, रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजणं. अर्ध्या मिलीचा फरक म्हणजे साधारण दहा थेंब. ब्युरेट म्हणजे खाली नळ असलेली उंच मोजनळी, तिच्या एका मिलीत वीसेक थेंब बसतात, त्यामुळं दहा थेंब कुठं गेले ते शोधायचं एवढंच काम आहे, घाबरू नकोस. मी एवढी वर्षं शिकवलं त्यात ज्या चुका परत परत दिसल्या त्या सांगते.

पहिला संशय माझा बुडबुड्यावर. ब्युरेट भरलीस की नळाच्या खालचं जे टोक असतं ना, त्यात हवा अडकते, वरून अजिबात लक्षात येत नाही, आणि टायट्रेशन चालू असताना तो बुडबुडा हळूच निघून जातो आणि त्याची जागा सोल्यूशन घेतं. ते सोल्यूशन फ्लास्कमध्ये पडलेलंच नसतं पण रीडिंगमध्ये मोजलं जातं. म्हणून भरल्यावर नळ एकदम पूर्ण उघडून खाली बीकरमध्ये जोरात सोड, टोक उजेडात धरून बघ, एकसारखं भरलेलं दिसलं की मगच शून्यावर आण.

दुसरं, भरायला लावलेलं नरसाळं काढलंस का? ते तसंच राहिलं तर त्याच्या दांड्याला चिकटलेला थेंब मध्येच खाली पडतो. माझ्या वर्गात दर बॅचला एक तरी मुलगा नरसाळं लावूनच टायट्रेशन करायचा.

तिसरं धुण्याचं, आणि इथं मुलं खरंच गोंधळतात. ब्युरेट आणि पिपेट (ठरलेलं माप ओढून घ्यायची बारीक नळी) आधी पाण्यानं आणि मग ज्या सोल्यूशननं भरायच्या त्याच सोल्यूशननं विसळायच्या, कारण आत पाण्याचे थेंब राहिले तर सोल्यूशन पातळ होतं. पण कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं. का? कारण फ्लास्कमध्ये तू पिपेटनं मोजून १० मिली टाकतोस, त्यात किती पदार्थ आहे ते ठरलेलं आहे, वर पाणी कितीही पडलं तरी पदार्थ तेवढाच राहतो. आणि फ्लास्क सोल्यूशननं विसळलास तर भिंतीला चिकटलेलं जास्तीचं आत आलं की गेलं सगळं. हे एकदा डोक्यात बसलं की पाठ करावं लागत नाही.

पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढू नकोस. टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकव, जेवढं येईल तेवढं येऊ दे, जो थेंब आत राहतो तो बनवणाऱ्यानं आधीच हिशोबात धरलेला असतो. आणि तोंडानं ओढायचं बंद करा रे सगळ्यांनी, रबरचा पिपेट बल्ब मिळतो, शाळेकडं मागा.

तुझं टायट्रेशन पोटॅशियम परमॅंगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं असेल तर अजून दोन गोष्टी. परमॅंगनेट इतकं गडद जांभळं असतं की खोलगट तळ दिसतच नाही, तिथं वरची कड वाचायची, सुरुवातीला पण आणि शेवटी पण. एक जण वरची वाचतो आणि दुसरा खालची, असं तुमच्यात झालं असेल तर फरकाचं कारण तिथंच सापडलं. आणि फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवलेला असला पाहिजे. गार असेल तर रंग पटकन जात नाही आणि कधीकधी तपकिरी गढूळ होतं. तापवलेल्या फ्लास्कमध्ये पहिला थेंब पडतो तेव्हा नीट बघ कधीतरी, तो जांभळा थेंब धुरासारखा पसरतो आणि लगेच जात नाही, थांबून राहतो, मुलं घाबरतात की संपलं वाटतं. नाही संपलं. फिरवत राहा, रंग जाईल, आणि पुढचे थेंब मग पडताक्षणी नाहीसे व्हायला लागतात. कारण पहिल्या थेंबातून जे मॅंगनीजचे आयन तयार झाले तेच पुढची रिॲक्शन पळवतात. मला आजही तो पहिला थेंब बघायला आवडतो. ॲसिड म्हणून सल्फ्युरिकच घ्यायचं, हायड्रोक्लोरिक नाही, परमॅंगनेट त्याच्याशीच रिॲक्शन करत बसतं.

फ्लास्कखाली पांढरी टाइल किंवा साधा कोरा कागद ठेव. शेवट म्हणजे फिकट गुलाबी जो अर्धा मिनिट टिकतो, गडद गुलाबी आला म्हणजे तू पुढं गेलास.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडं क्लोराइडची टेस्ट कुठल्याही सॉल्टला पॉझिटिव्हच येते, सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरं. बाटली खराब आहे का?
— एक शिक्षिका, मिरज तालुका

ताई, बाटली चांगली आहे, पाणी बोअरचं आहे, बरोबर ना? आपल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात क्षारपड जमिनींचा प्रश्न किती आहे ते तुम्हाला मी काय सांगू, तेच क्षार बोअरच्या पाण्यात असतात आणि त्यात क्लोराइड असतंच. सिल्व्हर नायट्रेट बिचारं इमानदारीनं तेच दाखवतंय. आत्ताच्या आत्ता एक करून बघा, दोन परीक्षानळ्या घ्या, एकीत नुसतं तुमचं नळाचं पाणी आणि दुसरीत डिस्टिल्ड वॉटर, दोन्हीत डायल्यूट नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. सॉल्ट टाकायचंच नाही. पहिली पांढरी झाली आणि दुसरी स्वच्छ राहिली की उत्तर मिळालं, आणि मुलांना कोरी चाचणी, म्हणजे तपासायचा पदार्थ न टाकता केलेली चाचणी, काय असते ते पण आयतं कळलं.

डिस्टिल्ड वॉटर आणायचा खर्च होतो म्हणून शाळा आरओचं पाणी वापरतात, त्यात क्षार कमी असतात पण शून्य नसतात, या टेस्टला ते चालत नाही. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला जे डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, मिळतं ते शाळेच्या कामाला चालून जातं. फक्त परीक्षानळ्या पण शेवटी त्याच पाण्यानं विसळा, नाहीतर नळीत राहिलेला बोअरचा थेंब परत तोच गोंधळ घालतो. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीतच ठेवा, उजेडानं काळं पडतं, आणि मुलांच्या बोटाला लागलं तर काळे डाग आठवडाभर जात नाहीत, आया भांडायला येतात.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या बर्नरची ज्योत पिवळी येते आणि बीकरचं बूड काळं होतं. गॅस भेसळीचा आहे का?
— एक शिक्षक, वाई

गॅस ठीक आहे सर, हवा कमी पडतीय. बर्नरच्या खालच्या बाजूला जी फिरती कडी आहे तिला भोकं असतात, ती बंद असली की गॅस अर्धवट जळतो, कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात आणि तीच काजळी बीकरला बसते. कडी फिरवून भोक उघडा, ज्योत निळी होईल आणि आत एक लहान निळा सुळका दिसेल. सगळ्यात जास्त उष्णता त्या सुळक्याच्या टोकाच्या जरा वर असते, आत नाही. रॉबर्ट बुन्सेन या जर्मन केमिस्टनं हायडलबर्गमध्ये १८५५ च्या सुमारास पेटर डेसागा नावाच्या कारागिराकडून हे बनवून घेतलं, त्यातली युक्ती हीच होती की हवा आणि गॅस पेटायच्या आधीच मिसळले पाहिजेत. काम नसताना भोक बंद करून पिवळी ज्योत ठेवा, निळी ज्योत उन्हात दिसत नाही आणि मुलांचा हात जातो.

कधी ज्योत खाली नळीतच फरफर करत जळायला लागली तर लगेच गॅस बंद करा, बर्नर गार होऊ द्या, भोक थोडं कमी करून परत पेटवा. आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून लॅबमध्ये खालच्या बाजूनं पण हवा खेळली पाहिजे. भोक उघडूनही ज्योत पिवळीच राहिली तर आतलं जेट, म्हणजे गॅस येतो ते बारीक भोक, बुजलंय किंवा ते दुसऱ्या गॅससाठीचं आहे, गोबरगॅस आणि एलपीजीची जेट वेगवेगळी येतात.

प्रश्न : मुलानं घरी प्रयोगाला दुकानातून परीक्षानळी आणली, मेणबत्तीवर धरली तर तडकली. शाळेतली तर फुटत नाही. काच तर सारखीच दिसते.
— एक पालक, सातारा

दिसते सारखी पण असत नाही. साधी काच, म्हणजे खिडकीची, बरणीची, ती तापली की बरीच फुगते, आणि एक बाजू फुगली दुसरी गार राहिली की ताण येऊन तडकते. लॅबची चांगली काच बोरोसिलिकेट असते, त्यात वाळूबरोबर बोरॉन ऑक्साइड घातलेलं असतं, साधारण १३ टक्के, आणि ती साध्या काचेच्या एक तृतीयांशच फुगते. जर्मनीत ओटो शॉटनं १८८४ मध्ये येना गावात सोबत्यांबरोबर काचेचा कारखाना काढला आणि तिथं ही काच तयार झाली. अमेरिकेत १९१५ पासून तशीच काच पायरेक्स नावानं स्वयंपाकघरात गेली. विकत घेताना नळीवर कंपनीचं नाव छापलेलं आहे का बघा. कड हिरवट दिसत असेल तर बहुतेक साधी काच.

पण दादा, चांगली नळी पण चुकीनं तापवली तर फुटते. बाहेरून ओली असेल तर पुसा. एक तृतीयांशच भरा, चिमट्यानं तोंडाजवळ धरा, तिरकी ठेवा, सतत हलवा, आधी वरचा भाग मग हळूहळू खाली. तोंड कुणाच्याही चेहऱ्याकडं नको. आणि मेणबत्तीवर नको, स्पिरिटचा दिवा घ्या, तो दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, जळत असताना परत भरू नका, विझवताना फुंकू नका, टोपी ठेवा. मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय तर नाहीच.

प्रश्न : आमची शाळा सांगलीत नदीजवळ आहे. २०१९ च्या पुरात लॅबमध्ये पाणी शिरलं, २०२१ ला परत. केमिकलचं एक कपाट तेव्हापासून कुणी उघडलेलंच नाही. आता नवीन मुख्याध्यापकांनी साफ करा म्हणून सांगितलंय. मुलांना घेऊन एका शनिवारी उरकावं का?
— एक शिक्षक, सांगली

सर, हात जोडून सांगते, मुलांना घेऊन नको. तुम्ही पण एकट्यानं नको.

काचेचं सामान सोपं आहे, ते आधी वेगळं करा. पुराचा गाळ वाळून बसलेला असतो, कोरडा खरवडू नका, चरे पडतात आणि चरा पडलेली काच तापवली की तिथूनच फुटते. रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी ब्रशनं निघतो. धुतलेल्या काचेवर पाणी एकसारखं पसरलं, थेंब थेंब झालं नाही, म्हणजे स्वच्छ. ब्युरेटच्या टोकात गाळ अडकलेला असेल तर बारीक तार घाला, टाचणी दाबू नका. बर्नर उघडून आतलं जेट साफ करा. लोखंडी स्टँड, तिवई घासून रंग दिला की झालं. वजनपेटीतली वजनं गंजली असतील तर ती घासून परत वापरू नका, घासली की वजन बदललं, ती फक्त दाखवायला ठेवा. तारेच्या जुन्या जाळ्या, ज्यांच्या मधोमध पांढरा ॲस्बेस्टॉसचा गोल आहे, त्या ओल्याच असताना पिशवीत बंद करून बाजूला काढा, त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. आता सिरॅमिकच्या जाळ्या मिळतात.

केमिकलच्या कपाटाचं मात्र ऐका. लेबलं धुऊन गेलेली असणार, आणि बिनलेबलच्या बाटलीसारखी धोक्याची वस्तू लॅबमध्ये दुसरी नाही. वास घेऊन ओळखायला जाऊ नका. सोडियम धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला असतो, बाटलीत पुराचं पाणी गेलं असेल तर काय झालं असेल ते सांगता येत नाही, रॉकेल आटून ढेकूळ उघडं पडलं असेल तर पाण्याचा थेंब लागला तरी पेट घेतं. ती बाटली सिंकजवळ नेऊच नका. जुन्या लॅबमध्ये पिक्रिक ॲसिडची बाटली असते, पिवळे स्फटिक, ती ओली असते तोवर ठीक, वाळली की झाकण फिरवण्यानंसुद्धा स्फोट होऊ शकतो. झाकणाभोवती पिवळी बुरशीसारखी पूड दिसली तर हात लावू नका, खोलीला कुलूप लावा आणि अग्निशमन दलाला सांगा. कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकच्या बाटलीत पाणी ओतून ती "पातळ करू" असं कुणी म्हणेल, अजिबात नाही, नेहमी ॲसिड पाण्यात, हळूहळू, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आणि काहीही गटारात ओतायचं नाही, ते गटार शेवटी कृष्णेतच जातं.

मग करायचं काय, तर आधी दारं-खिडक्या उघडून खोली हवेशीर करा, कपाट उघडा, कशालाही हात न लावता फोटो काढा, आणि ते फोटो घेऊन जवळच्या सीनियर कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटला जा. सांगलीत कॉलेजं कमी नाहीत, तिथले लोक मदत करतात, त्यांना या वस्तू नजरेनं ओळखता येतात आणि घातक कचरा रीतसर कुठं द्यायचा ते त्यांना माहीत असतं. आणि नवीन कपाट वरच्या मजल्यावर. वरचा मजला नसेल तर जुन्या पुराच्या खुणेच्या वर फळ्या मारा, पण ॲसिडच्या बाटल्या डोळ्याच्या उंचीच्या वर ठेवू नका. त्यामुळं खरं उत्तर वरचा मजला हेच आहे, मुख्याध्यापकांकडं तेवढा आग्रह धराच.

प्रश्न : माण तालुक्यातल्या छोट्या शाळेत आहे. लॅब म्हणून खोली नाही, एक कपाट आहे आणि थोडेसेच पैसे आहेत. काय घेऊ? आणि मुलांनी फोडलं तर परत मिळणार नाही, म्हणून मीच पुढं उभा राहून प्रयोग दाखवतो. हे बरोबर आहे का?
— एक शिक्षक, माण

सर, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त लागला. मी शिकले त्या शाळेत काचेचं कपाट होतं, कुलूपबंद, त्यात ब्युरेट होत्या, चंबू होते, सगळं झळझळीत, आणि दहावी होईपर्यंत मी त्यातल्या एकाही वस्तूला हात लावला नव्हता. कॉलेजला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कॉर्कमध्ये काचेची नळी बसवायला सांगितली, कुणी कधी शिकवलं नव्हतं, मी कोरडी नळी जोर लावून दाबली, ती मोडली आणि तळहातात घुसली. अंगठ्याच्या बुडाशी त्याचा वण अजून आहे. नळीला पाणी किंवा ग्लिसरीन लावायचं, फडक्यात धरायची, कॉर्कच्या अगदी जवळ पकडून फिरवत फिरवत घालायची, एवढी साधी गोष्ट आठवीतच हाताला माहीत असती तर हे झालं नसतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, फुटू दे. वर्षाला पाच परीक्षानळ्या फुटल्या तरी चालतील, पण प्रत्येक पोराच्या हातात चिमटा आला पाहिजे. कर्मवीर भाऊराव अण्णांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली ती खेड्यातल्या पोरांना हातानं काम करत शिकता यावं म्हणून, आपला जिल्हा तो आहे.

पैसे थोडे आहेत तर ब्युरेट, गोलबूड चंबू सध्या राहू द्या. परीक्षानळ्या भरपूर घ्या, बोरोसिलिकेटच्या, लाकडी स्टँड गावातला सुतार करून देतो. चिमटे सहा-सात. ड्रॉपर जेवढे मिळतील तेवढे, प्लॅस्टिकचे स्वस्त असतात. दोन बीकर १०० मिलीचे, एक २५० चा. मेजरिंग सिलिंडर एकच पण प्लॅस्टिकचा, पडला तर फुटत नाही. स्पिरिटचे दोन दिवे, तिवई, जाळी, चिनी मातीची बाष्पनाची वाटी. पारा असलेला थर्मामीटर घेऊ नका, लाल अल्कोहोलचा घ्या, पारा सांडला तर त्याची वाफ दिसत नाही पण असते. जुना असेल आणि फुटला तर केरसुणीनं झाडू नका, त्याचे गोळे बारीक होऊन फटीत जातात, गंधकाची पूड टाका आणि कागदानं गोळा करून बाटलीत बंद करा. आणि चष्मे, डोळ्यांचे, हे सगळ्यात आधी.

लिटमस संपला तर हळद आहेच. शेजारच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ती नुसती भाजीला नाही. हळदीची पूड थोड्या स्पिरिटमध्ये कालवा, गाळा, त्यात फिल्टर पेपरच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. साबणाच्या किंवा चुन्याच्या पाण्याचा थेंब टाकला की पट्टी लालसर तपकिरी होते, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. ॲसिडला मात्र वेगळा रंग दाखवत नाही, त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी करा. परीक्षानळ्यासुद्धा प्रत्येक वेळी लागत नाहीत, औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या प्लॅस्टिक पाकिटाचे खळगे घ्या, एकेका खळग्यात दोन-दोन थेंब, चाळीस पोरं एकाच तासात स्वतःच्या हातानं टेस्ट करतात आणि केमिकल चमचाभर पण लागत नाही. मी केलेलं आहे हे, वर्गात आवाज फार होतो, पण होऊ द्या.

प्रश्न : ब्युरेटचा काचेचा नळ घट्ट बसलाय, फिरतच नाही. पक्कड लावू का?
— एक प्रयोगशाळा सहायक, विटा

पक्कड नको दादा, दांडाच हातात येईल. शेवटी त्यात कॉस्टिक सोडा भरला होता का? तो काचेला हळूहळू खातो आणि काच काचेला चिकटते. आधी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं नळाच्या बाहेरच्या बाजूला गुंडाळा, दोन मिनिटं धरा, बाहेरची काच जरा फुगते, मग लाकडी पेन्सिलनं हलकं टकटक करून फिरवून बघा. नाही निघाला तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी परत गरम फडकं. निघाला की पुसून व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या, मधल्या भोकाला लागू देऊ नका. इथून पुढं कॉस्टिक सोडा वापरून झाला की त्याच दिवशी धुवा आणि नळ काढून वेगळा ठेवा, किंवा पुढच्या खरेदीत टेफ्लॉनच्या नळाची ब्युरेट मागवा, तिला व्हॅसलिन पण लागत नाही. कॉस्टिकची बाटली पण काचेच्या बुचाची नको, प्लॅस्टिकची घ्या.